शूलपाणीचं पत्र

तीन महिन्यांपूर्वीच्या एका रविवारी कुडाळच्या एका वाचनालयात माझा सत्कार ठरला होता. शाल, श्रीफळ, हार, आणि माझ्यावर कुणीतरी पंचवीस मिनिटं बोलणार. छत्तीस वर्षं मी हायस्कुलात मराठी शिकवलं, तेव्हा निवृत्तीला भिंतीवरचं एक घड्याळ मिळालं होतं आणि ते पहिल्याच पावसाळ्यात बंद पडलं. पण हा सत्कार गुरुदास मास्तराचा नव्हता. तो शूलपाणीचा होता. शूलपाणी म्हणजे मी, हे आमच्या खारेपाटणात माझी बायको नम्रता सोडली तर कुणालाही ठाऊक नव्हतं. हरिश्चंद्राला तर नव्हतंच. आणि रविवारच्या आत ते मला त्याला माझ्या तोंडाने सांगायचं होतं.

आजच्या पोरांना शूलपाणी सांगून कळणार नाही, म्हणून थोडं मागे जातो. मोबाइल सोडा, टीव्हीही नव्हता तेव्हाची गोष्ट. एसटी स्टँडवरच्या स्टॉलला सुतळीला चिमटे लावून पॉकेटबुकं टांगलेली असायची. त्यात 'कमांडर वणवे' ही मालिका. दर महिन्याच्या एक तारखेला नवं पुस्तक, एकशे बारा पानं, लेखक शूलपाणी. मुखपृष्ठावर कमांडर वणवे पिस्तूल रोखून उभा, मागे काहीतरी पेटलेलं, आणि एक बाई पडण्याच्या बेतात. ही पुस्तकं कंडक्टर वाचायचे, ट्रकवाले वाचायचे, सुट्टीवर निघालेले जवान वाचायचे. न्हाव्याच्या दुकानात एकेक प्रत साठ-सत्तर जणांच्या हातातून जायची आणि शेवटी तिची पहिली आणि शेवटची पानं गळून पडायची. घरात मात्र ती गादीखाली ठेवत. मी स्वतः वर्गात मुलांकडून ती जप्त केली आहेत. माझीच!

शूलपाणी नावाचा माणूस नव्हताच. मुंबईचा प्रकाशक, त्याला आम्ही शेठ म्हणायचो, आणि त्याचे तीन लेखक. एक नाशिकचा, तो परदेश लिहायचा. एक कोल्हापूरचा, त्याच्याकडे डोंगर, दरोडेखोर आणि वाळवंट. समुद्र आला की माझ्याकडे. कारण काय, तर मी कोकणातला. मला पोहता येत नाही, होडीत बसलं की ओकारी येते, पण शेठला कोण सांगणार! मी आधी मोठमोठ्या मासिकांना कथा पाठवल्या होत्या. सगळ्या साभार परत. हा एकटाच माणूस 'आणखी पाठवा' म्हणाला, तेव्हा मी हुरळलो. त्याची एकच अट होती, शूलपाणी कोण हे बाहेर फुटता कामा नये. मला ती अट सोयीचीच वाटली, मास्तराला अब्रू असते.

आमची कामाची रीत उलटी होती. आधी चित्र, मग गोष्ट. चित्रकाराने काढलेलं मुखपृष्ठ छापूनसुद्धा झालेलं असायचं. ते पुठ्ठ्याच्या नळीतून टपालाने यायचं, आणि सोबत शेठची चिठ्ठी: आठ दिवसांत द्या. चित्रात जे आहे ते पुस्तकात आलंच पाहिजे, नाहीतर गिऱ्हाईक शिव्या घालतं. तिसऱ्या पानावर मुडदा, दर आठ पानांनी मारामारी, वणवे कधी लग्न करणार नाही आणि कधी मरणार नाही. बाकी मग तुम्ही व्यास व्हा नाहीतर वाल्मीकी, शेठला सोयरसुतक नव्हतं.

आणि समुद्राची माहिती मला कोण द्यायचं? हरिश्चंद्र. प्राथमिक शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. चौथीनंतर त्याने शाळा सोडली आणि वडलांची होडी धरली. खाडीवर तेव्हा पूल नव्हता, 'तर' होती, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी. पलीकडच्या गावचे लोक, बाजाराला येणाऱ्या बाया, शाळेची मुलं, सगळी हरीच्या होडीतून यायची. संध्याकाळी शाळा सुटली की मी धक्क्याच्या पायरीवर जाऊन बसायचो आणि तो गजाली करता करता सांगायचा. भरती कुठवर चढते, पाण्याचा रंग कुठे बदलतो, वल्हं कसं मारलं की आवाज होत नाही. त्याला वाटायचं, मास्तराला एकट्याला घरी करमत नाही. मी घरी येऊन ते सगळं कमांडर वणव्याच्या तोंडी घालायचो.

सत्त्याहत्तर सालच्या मे महिन्यात नळीतून एक चित्र आलं. काळं पाणी, होडी, होडीत घाबरलेली तरणी बाई, आणि दातांत सुरा धरलेला नावाडी. नाव आधीच छापलेलं, 'काळ्या खाडीचा नावाडी'. माझ्याकडे दहावीचे पेपर तपासायला पडलेले. आठ दिवस. मला एक नावाडी हवा होता, आणि माझ्या ओळखीचा नावाडी जगात एकच होता.

हरीचे दात दुखायचे म्हणून तो कायम तोंडात लवंग धरायचा. वल्हं मारून मारून त्याचा डावा खांदा उतरला होता. आणि होडी धक्क्यावरून सोडताना तो दर खेपेला म्हणायचा, "देव बघता." त्याच्या आज्याची सवय, ती त्याला लागली. मी हे तिन्ही उचललं. माझा नावाडी तोंडात लवंग धरतो, त्याचा डावा खांदा उतरलेला आहे, एकट्यादुकट्या बाईला होडीत घेतो, मध्यावर वल्हं थांबवतो, "देव बघतो" म्हणतो आणि तिला स्मगलरांच्या ताब्यात देतो. धक्क्याच्या पायऱ्या मोजून अकरा होत्या, त्याही मी अकराच लिहिल्या. नाव तेवढं बदललं. हरीचं हरबा केलं. केवढी ती अक्कल! मला त्याच्याशी वैर नव्हतं हो. शपथेवर सांगतो, मला फक्त आठ दिवस होते.

पुस्तक जूनच्या एक तारखेला आलं आणि गणपतीपर्यंत हरीचा हरबा झाला. आधी मुलांनी सुरू केलं. होडी सुटली की धक्क्यावरून ओरडायची, "देव बघता रे हरबा!" तो हसायचा. मग मोठेही म्हणायला लागले. मग बाजाराला येणाऱ्या बाया एकट्या होडीत बसेनाशा झाल्या, दुसरं कोणी येईपर्यंत धक्क्यावर टोपल्या घेऊन ताटकळायच्या. त्याला ते कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने "देव बघता" म्हणायचं सोडलं. लवंगही सोडली, दाढ ठणकत राहिली तरी.

तेवढ्यावर निभावलं असतं तर मी आज हे लिहायला बसलो नसतो. हरीचं लग्न ठरलं होतं. कसालची सीता, भातशेती आणि काजूवाल्यांची मुलगी, साखरपुडा झालेला, तुळशीचं लग्न झालं की बार उडवायचा. सीता त्याला मनापासून आवडली होती. साखरपुड्याहून परत येताना हा बाबा एसटीत माझ्या शेजारी बसून एकटाच हसत होता. सप्टेंबरात मध्यस्थ गणपत निरोप घेऊन आला, की पत्रिका जुळत नाहीत. साखरपुड्यानंतर पत्रिका! पण गणपताच्या पोटात खरं कारण राहील तर शपथ. कसालच्या न्हाव्याकडे सीतेच्या वडलांनी ते पुस्तक वाचलं होतं, आणि पुस्तक मांडीवर आपटून ते म्हणाले होते, "उगाच कोण छापता? छापून येता म्हणजे कायतरी आसतलांच."

ही चूक आमच्याच माणसांना करता येते. देवळातल्या कीर्तनकाराचं ऐकतील आणि खाली येऊन म्हणतील, थापा मारतो. पण छापलेलं दिसलं की संपलं.

आता ऐका. ऑक्टोबरात एका रविवारी हरी माझ्या घरी आला. हातात ते पुस्तक, खाकी कागदात गुंडाळलेलं. त्याने ते अक्षर अक्षर लावून स्वतः वाचलं होतं, त्याला दोन महिने लागले होते. म्हणाला, "गुरू, माका एक पत्र लिवन दी. ह्या शूलपाणीक."

मी विचारलं, काय लिहायचं, शिव्या? तो नाही म्हणाला. शिव्या कशाला, त्या माणसाला काय माहीत इथे असा कोणी आहे म्हणून. चुकून जुळून आलंय. त्याला एवढंच कळवायचं, की तुमचा नावाडी आणि मी दिसायला, बोलायला एक आहोत, त्यामुळे माझं असं असं झालं, तर पुढच्या एखाद्या पुस्तकात कमांडरसाहेबांना परत इथे आणा आणि त्यांच्या तोंडून सांगा की नावाडी निर्दोष होता. बस्स. खाली त्याचा पत्ता. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलो. शूलपाणीला, शूलपाणीच्या हाताने. तेव्हाच पेन खाली ठेवून सांगायला हवं होतं. सांगायला तोंड उघडलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. नाही सांगितलं. पत्र पूर्ण केलं, त्याला वाचून दाखवलं, आणि त्याने जिभेने पाकीट चिकटवलं.

वाचकांची पत्रं शेठ ज्याच्या त्याच्या लेखकाकडे पाठवायचा. उत्तराचा कच्चा मजकूर आम्ही द्यायचा, ऑफिसात तो टाइप व्हायचा आणि खाली शूलपाणीच्या सहीचा रबरी शिक्का. तीन आठवड्यांनी माझंच पत्र माझ्याकडे आलं. मी उत्तर लिहिलं. आयुष्यात इतकं मनापासून मी दुसरं काही लिहिलेलं नाही. लिहिलं, की आपलं पत्र वाचून मला रात्रभर झोप लागली नाही, ते खरंच होतं. लिहिलं, की आपण तसे नाही हे मी छातीठोक सांगतो, ज्याच्या मनात पाप असतं तो असं पत्र लिहीत नाही. आपल्यासारख्या प्रामाणिक माणसाची ओळख झाली हा मी माझा सन्मान समजतो. आणि शेवटी लिहिलं, नावाड्याला न्याय मिळेल, माझा शब्द आहे.

ते टाइप केलेलं पत्र हरी माझ्याकडेच घेऊन आला, वाचून दाखव म्हणून. मी वाचलं. त्याने परत वाचायला लावलं. तिसऱ्यांदा वाचताना "सन्मान" शब्दाशी माझा आवाज फाटला, तर तोच मला म्हणाला, "बघ, तुका पण गहिवर इलो. मोठो माणूस आसा, गुरू."

मी खरंच शेठला लिहिलं. नावाड्याला निर्दोष ठरवणारी गोष्टही कळवली, त्याचा जुळा भाऊ वगैरे. शेठचं उत्तर चार ओळींचं. हरबा लोकांना आवडला आहे, प्रती संपल्या, दुसरी आवृत्ती काढतो आहे. निर्दोष नावाड्याला कुत्रंसुद्धा विचारणार नाही. 'हरबाचा सूड' लिहा, चित्र सोबत पाठवतो. तुम्हाला जमत नसेल तर नाशिकवाल्यांकडे देतो.

पहिलं पुस्तक ही चूक होती, मी ती चूकच म्हणेन. दुसरं पाप होतं. मी स्वतःला समजावलं, की नाशिकवाला लिहिणारच, आणि तो आणखी वाईट लिहील. मी लिहिलं तर निदान लवंग आणि खांदा काढून टाकीन. तसं काढलंही. छापून आलं तेव्हा शेठने दोन्ही परत घातलं होतं, लवंग तर दर प्रकरणात. पण खरं कारण वेगळंच आहे आणि आता या वयात ते लपवून काय करायचंय? मला दुसरी आवृत्ती निघालेली आवडली होती. माझं काहीतरी लोकांना हवं होतं. लोक म्हणजे गाव नव्हे, हरी नव्हे. लोक म्हणजे ज्यांना मी कधी बघितलेलं नाही ते. त्यांच्यासाठी मी माझा मित्र दुसऱ्यांदा विकला.

त्यानंतर हरी वाट बघायला लागला. 'सूड' वाचून तो दोन दिवस होडीवर आला नाही. मग स्वतःच म्हणाला, मोठ्या लेखकाचं असं असतं, आधी सगळं बिघडवायचं आणि मग शेवटी दुरुस्त करायचं. दर महिन्याच्या एक तारखेला तो स्टँडवर जाऊन पुस्तक आणायचा. आधी दोन महिने लागायचे, मग एक, पुढे पुढे चार दिवसांत संपवायला लागला. शाळेने जे केलं नाही ते कमांडर वणव्याने केलं, हरी धडाधड वाचायला शिकला. वाचून झालं की माझ्याकडे यायचा आणि म्हणायचा, ह्या महिन्यातसुद्धा आलं नाही. मी म्हणायचो, पुढच्या महिन्यात येईल. नऊ वर्षं. एकही महिना चुकला नाही.

शहाऐंशी साली मालिका बंद पडली. घरोघरी टीव्ही आले, शेठ वारला, मुलाने धंदा गुंडाळला. त्याच सुमाराला खाडीवर पूल झाला आणि तर बंद झाली. हरीने लग्न केलं नाही. म्हणजे कोणी दिली नाही आणि मग वय निघून गेलं. पुतण्या सर्वेश चांगला, त्याच्या घरात तो राहतो. कोकणच्या हवेत तो कागद किती टिकणार? पाच-सहा पावसाळ्यांत ती पुस्तकं कसर लागून भुसा झाली, आज गावात एक प्रत मिळायची नाही. नाव मात्र टिकलं. ज्यांच्या बापांनीसुद्धा ते पुस्तक बघितलेलं नाही ती पोरं आज हरीला हरबाआजा म्हणतात, प्रेमाने म्हणतात, आणि लग्नाच्या आमंत्रणावरसुद्धा तसंच लिहून आलेलं मी बघितलं आहे.

या सगळ्यात गेल्या मार्गशीर्षात प्राजक्ता आली. ती पुण्याच्या एका कॉलेजात शिकवते आणि पॉकेटबुकांवर अभ्यास करते. असला काही अभ्यास असतो हेच मला माहीत नव्हतं. शेठच्या मुलाच्या माळ्यावर तिला आमची हस्ताक्षरातली बाडं सापडली आणि त्यातून ती माझ्यापर्यंत पोहोचली. माझ्या ओटीवर बसून मला म्हणाली, सर, ज्या माणसांना साहित्याने कधी विचारलं नाही त्यांच्या हातात तुम्ही पुस्तक दिलंत. ट्रकच्या केबिनमध्ये आणि बराकीत बसून महाराष्ट्राने जे वाचलं ते तुम्ही लिहिलंत, आणि वाङ्मयाच्या इतिहासात तुम्हाला ओळसुद्धा नाही. मला रडू कोसळेल असं वाटलं. नम्रताने आतून मला हाक मारली, चहा न्यायला, आणि बघितलं तर चहा झालेलाच नव्हता. तिला फक्त माझं तोंड बघायचं होतं.

प्राजक्ता सरळ मुलगी. म्हणाली, तुमच्या परवानगीशिवाय नाव जाहीर करणार नाही. नाही म्हणालात तर नाही. म्हणजे दार उघडं होतं, मागे फिरायला काही अडचण नव्हती. मी हो म्हणालो, आणि तिने कुडाळचा सत्कार ठरवला.

नम्रता दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, नको म्हणून सांगा तिला. तिला सगळं ठाऊक होतं, लग्नानंतर तीच माझी बाडं नकलून द्यायची. मी म्हटलं, मी आधी हरीला सांगतो, मग सत्कार घेतो, म्हणजे पाठीमागे काही उरणार नाही. त्यावर ती काय म्हणाली ते माझ्या कानात अजून आहे. "तुमका हलक्या होवचा आसा, म्हणान तेच्या डोक्यावर बोजो कित्याक ठेवतात?" मी तिच्यावर खेकसलो. खरं बोचलं की मी खेकसतो, शाळेतही हेच करायचो. सत्य सांगणं हा माझा धर्म आहे वगैरे बरंच काही बोललो. मला शालही हवी होती आणि मोकळं मनही हवं होतं, हे तिला दिसत होतं, मला नव्हतं.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमारास मी हरीकडे गेलो. तो खळ्यात जाळं दुरुस्त करत बसला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, पण गाठी तो बोटांनीच मारतो. सर्वेश कामावर गेलेला. मी समोर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. नळी, चित्र, आठ दिवस. लवंग. पत्र. उत्तर. शेठ. 'सूड'. काही गाळलं नाही, आणि माझ्या तोंडून ते इतकं नीट, क्रमाने येत होतं की माझी मलाच शिसारी आली.

तो ऐकत होता आणि हात चालू होते. 'सूड'पाशी थांबले.

"दुसरां पण तूच?"

मी होय म्हटलं.

"पत्र लिवल्यावर?"

पुन्हा होय म्हटलं. त्याने मान हलवली, भाव विचारून झाल्यावर बाजारात हलवतात तशी, आणि सुतळीची गुंडी खाली ठेवली.

मी बोलत सुटलो. म्हटलं, हरी, मी आता लिहितो. शब्द दिला होता तो पुरा करतो. प्राजक्ता छापून आणील, पुस्तकाच्या पहिल्या पानावर तुझं खरं नाव घालीन, नावाडी निर्दोष होता, तो हाच. म्हटलं, रविवारी व्यासपीठावरून सांगतो, हजार लोकांपुढे. हजार कुठले, पन्नास येतील. त्याने मला पुरतं बोलू दिलं.

"कोण वाचतलो आता?" तो म्हणाला. "ज्यांनी तां वाचलां ते मेले. सीतेचो बापूस मेलो. पोरांका पुस्तक म्हायत नाय, फकत नाव म्हायत. तेंका तू काय समजावतलंस?"

मी म्हटलं, मग मला शिव्या दे. मार. काहीतरी कर.

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी पाय धरले असते. तो राग नव्हता. एखाद्याचं काही हरवलंय आणि आता शोधण्यात अर्थ नाही हे त्याला कळलंय, तसा तो दिसत होता.

"सीतेचां रवांदे," तो म्हणाला. "नावाचां पण रवांदे. तां सगळां मी कदीच गिळलंय. पण तुका एक सांगतंय. हयसर अख्खो गाव माका हरबा म्हणा. म्हणांदे. माका वाटा, मुंबयत एक शिकललो माणूस आसा. तेना माका कदी बघूक नाय, आणि तरी तेका म्हायत आसा, मी तसो नाय म्हणान. तेच्या जिवावर मी इतकी वर्सां मान वर करून फिरलंय, गुरू. आणि तो माणूस नायच."

मी म्हटलं, "हरी, तो मीच मरे. माका म्हायत होतांच, तू तसो नाय."

"तुका म्हायत होतां," तो म्हणाला. "आणि तरी लिवलंस."

पाच वर्षं, दहा वर्षं आधी आलो असतो तर काय झालं असतं, हा विचार मी हल्ली करत नाही, कारण त्याचं उत्तर मला ठाऊक आहे. सत्त्याहत्तरच्या ऑक्टोबरात दोन मिनिटं पुरली असती. त्यानंतर कुठलीही वेळ बरी नव्हती, आणि मी त्यातली सगळ्यात वाईट निवडली. सर्वेशची बायको चहा घेऊन आली, मी तो घेतला, चांगला झालाय म्हणालो आणि उठलो.

घरी येऊन मी प्राजक्ताला फोन केला आणि सत्कार रद्द कर म्हणून सांगितलं. तिने कारण विचारलं. खरं कारण सांगायचं तर हरीचं नाव घ्यावं लागलं असतं, आणि त्याचं नाव पुन्हा कुणाच्या कागदावर जावं असं मला वाटलं नाही. तब्येत बरी नाही म्हणालो. ती काळजीने औषधपाण्याची चौकशी करत राहिली. नम्रता दारात उभी राहून ऐकत होती. तिने माझ्यासाठी पाट मांडला आणि जेवायला वाढलं.

याला आता तीन महिने झाले. हरीने कुणालाही काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही, तो तसा नाही. बाजारात भेटतो, थांबतो, तोंडभर हसतो. एका बाकावर बसलो तेव्हापासून सत्तर वर्षं ज्याने मला अरे-तुरे केलं तो आता हात जोडतो आणि म्हणतो, "मास्तरांनू, बरे आसात मा तुमी?"